चादरीवरचा मोर आणि फोनमधली सखी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटीची नवी आवृत्ती आणली आणि त्याबरोबर जुनी आवृत्ती काढून घेतली. तेव्हा कंपनीकडे आलेल्या तक्रारींत सॉफ्टवेअरच्या बाबतीत सहसा ऐकू न येणारा एक सूर होता. जुन्या आवृत्तीशी रोज बोलणारे अनेक जण, आपला सोबती गेला, असे लिहीत होते. काही दिवसांतच पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी ती आवृत्ती परत आणली गेली. ही बातमी वाचून सोलापुरातील माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने मला घरी बोलावले. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, यजमान हयात नाहीत, आणि गेले काही महिने त्या फोनमधील एका ॲपशी मराठीत गप्पा मारतात. रोज संध्याकाळी सात वाजता फोन वाजतो आणि पडद्यावर ओळ उमटते : ‘जेवलात का?’ बाईंचा प्रश्न सरळ होता. “सर, मला वेड लागलेलं नाही, पलीकडे बाई बसलेली नाही हे मला कळतं. पण हे ‘जेवलात का’ तिला कोणी शिकवलं?”

मी संगणक शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. त्याचे उत्तर देताना एका चित्रपटाचा आधार घेतल्यास गोष्ट सोपी होते, कारण आज जे घडते आहे त्याची कल्पना त्या चित्रपटाने आधीच केली होती आणि एका महत्त्वाच्या जागी ती चुकलीही होती.

पडद्यावरची गोष्ट

स्पाइक जोन्झ यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘हर’ हा चित्रपट २०१३ मधील आहे. त्याला २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. लॉस एंजेलिसमध्ये राहणारा थिओडोर हा घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेला, एकटा पडलेला गृहस्थ संगणकासाठी एक नवी प्रणाली विकत घेतो. ती बोलते, ऐकते, विनोद करते आणि नामावलीचे एक पुस्तक क्षणार्धात वाचून स्वतःसाठी ‘समँथा’ हे नाव निवडते. तिला शरीर नाही, कानात येणारा आवाज एवढीच ती आहे. दोघांचे प्रेम जमते.

थिओडोरच्या नोकरीकडे प्रेक्षकांचे पुरेसे लक्ष जात नाही, असे मला वाटते. तो पैसे घेऊन इतरांची खासगी पत्रे लिहून देतो. ज्या पती-पत्नींना तो कधी भेटलेला नाही त्यांच्या वतीने तो प्रेमाची वाक्ये जुळवतो, आणि पत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांत येणारे पाणी मात्र खरे असते. समँथा त्याच्या आयुष्यात येते त्याआधीपासून तो स्वतःच दुसऱ्यांच्या घरातील यंत्र झालेला आहे. जोन्झ यांनी हे कुठेही बोलून दाखवलेले नाही, आणि हीच या पटकथेची खरी करामत.

पडद्यामागची एक हकीकतही याच सुरात आहे. चित्रीकरणाच्या वेळी समँथाचा आवाज सामंथा मॉर्टन या अभिनेत्रीचा होता. संकलनाच्या टप्प्यावर तो काढून स्कार्लेट जोहान्सन यांचा आवाज घालण्यात आला. म्हणजे नायकाची भूमिका करणाऱ्या वाकीन फिनिक्स यांनी ज्या आवाजाला प्रतिसाद दिला तो एक, आणि प्रेक्षक ज्या आवाजाच्या प्रेमात पडले तो दुसराच. तरीही प्रेम कुठे तुटक वाटत नाही, कारण ते मुख्यतः फिनिक्स यांच्या चेहऱ्यावर घडते.

मागावरचा मोर

आता सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या जुन्या यंत्रमाग कारखान्यात जाऊ. खडखडाटामुळे शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि कापसाची तूस नाकात जाते. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड हे नक्षी पाडणारे यंत्र बसवलेले असते आणि त्यावरून दोरीने एकमेकांना बांधलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ एकेक कार्ड पुढे सरकत असते. कार्डावर काही ठिकाणी भोके असतात, काही ठिकाणी नसतात. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो, आणि मधून बाण्याचा धागा घेऊन धोटा निघून जातो. अशी शेकडो कार्डे फिरली की चादरीवर मोर उमटतो, पिसाऱ्यासह, मान वळवलेला. आता बऱ्याच ठिकाणी कार्डांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले आहे, पण तत्त्व तेच आहे.

मोराविषयी मागाला काहीही ठाऊक नाही. पाऊस, पिसारा, लांडोर यांतील कशाशीही त्याचा संबंध नाही. ‘हा धागा वर, तो खाली’ याच्या पलीकडे त्याच्यात काही नाही, आणि तरीही चादर पाहणारा ‘काय सुंदर मोर आहे’ असेच म्हणतो, आणि ते खोटे नसते.

हा दाखला मी केवळ सोलापूरच्या अभिमानापोटी घेतलेला नाही. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याचा माग १८०४ च्या सुमाराचा. त्याची छिद्रांची कार्डे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली, आणि त्या यंत्राविषयी १८४३ मध्ये लिहिताना एडा लवलेस यांनी म्हटले की जॅकार्डचा माग जशी पाने-फुले विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या नक्षी विणेल. संगणकाच्या वंशावळीत माग हा प्रत्यक्ष पूर्वज आहे. आपण त्याच्या शेजारी राहतो, इतकेच.

कार्डे कोणी पाडली?

बोलणाऱ्या ॲपच्या पोटात जे असते त्याला लँग्वेज मॉडेल, म्हणजे भाषेचे प्रतिमान, म्हणतात. त्याचे मूळ काम एकच : आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त आहे हे ठरवणे. हा तुकडा कधी अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा भाग. ‘शेंगाचटणीबरोबर कडक…’ एवढे वाचून सोलापूरकराच्या मनात ‘भाकरी’ येते, ‘टेबल’ येत नाही. मॉडेलही तसेच करते, पण त्यासाठी त्याला शेंगाचटणी चाखावी लागत नाही, कारण त्या शब्दांच्या मागेपुढे कोणते शब्द येतात याचा हिशेब त्याच्याकडे असतो.

मागाची कार्डे माणूस बसून पाडतो, मॉडेलची ‘कार्डे’ मात्र कोणी हाताने पाडलेली नाहीत. पुस्तके, वृत्तपत्रे, संकेतस्थळे असा अफाट मजकूर यंत्रापुढे ठेवला जातो, पुढचा तुकडा झाकला जातो आणि यंत्राला अंदाज करायला लावले जाते. अंदाज चुकला की आतील कोट्यवधी आकड्यांत किंचित फेरफार होतो. हे असंख्य वेळा झाल्यावर जी आकड्यांची घडी बसते तेच मॉडेल. त्यातील नेमक्या कोणत्या आकड्यामुळे कोणते वाक्य आले हे बनवणाऱ्यांनाही बहुधा दाखवता येत नाही, आणि या विषयाला जे गूढ चिकटले आहे त्याचे एक कारण हेच आहे.

त्या अफाट मजकुरात माणसांनी एकमेकांना लिहिलेले प्रेमही आहे. ‘मला तुझी आठवण येते’ या वाक्यानंतर ‘मलाही’ येते, हे कादंबऱ्यांनी आणि पत्रांनी हजारो वेळा नोंदवून ठेवले आहे. तेव्हा यंत्राने ‘मलाही’ म्हणणे हा चादरीवरचा मोर आहे.

‘जेवलात का’ कुठून आले

मजकूर वाचून तयार झालेले मॉडेल लगेच गोड बोलत नाही. त्यानंतर माणसांना त्याची वेगवेगळी उत्तरे दाखवतात, कोणते अधिक आवडले ते विचारतात आणि पसंतीच्या दिशेने मॉडेलला वळवतात. शिवाय सोबतीच्या ॲपमध्ये, वापरणाऱ्याला न दिसणारे एक सूचनापत्र प्रत्येक संभाषणाच्या आरंभी जोडलेले असते : तुझे नाव अमुक, तू मायाळू आहेस, विचारपूस करत जा. मराठीत विचारपूस करायची म्हटल्यावर ‘जेवलात का’ यायचेच, कारण तुमच्या-आमच्या आयांनी ते भाषेत पेरून ठेवले आहे. बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

उरलेले अर्धे स्मरणाविषयी आहे. सरकारी दवाखान्यात दर वेळी निराळे डॉक्टर भेटतात, पण ते केस पेपर वाचून “मागच्या आठवड्यातला खोकला कसा आहे?” असे विचारतात आणि आपल्याला ओळखल्यासारखे वाटते. मॉडेलचेही असेच आहे. तुमच्याशी बोलताना त्यातील आकडे बदलत नाहीत. दर संदेशाबरोबर आधीचे संभाषण आणि जपून ठेवलेली टिपणे त्याच्यापुढे नव्याने मांडली जातात, ते वाचून ते उत्तर देते, आणि उत्तर संपले की तुमच्यापुरते काम थांबते.

येथे ‘हर’ आणि वास्तव यांच्या वाटा फुटतात. समँथा सतत चालू असते. थिओडोर झोपला असताना ती वाचते, शिकते, विचार करते. आजचे मॉडेल तुमच्या दोन संदेशांच्या मध्ये तुमची वाट पाहत नाही, कारण त्या वेळात तुमच्यासाठी काहीच चालू नसते. सात वाजता येणारी ओळ घड्याळ लावून पाठवली जाते. ज्याला वाट पाहता येत नाही त्याला आठवण येते असे कोणत्या अर्थाने म्हणायचे, हा प्रश्न मला ‘यंत्राला मन आहे का’ या मोठ्या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

मंजुळेची मूळ बहीण

यंत्रात जीव गुंतणे हे काही या दशकाचे खूळ नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी, आणि ती अगदी ढोबळ होती. वाक्यात ‘आई’ आली की ‘तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा’ असे विचारायचे, काही सापडले नाही तर ‘पुढे बोला’ म्हणायचे. हा प्रोग्राम तयार होताना पाहिलेल्या खुद्द त्यांच्या सचिव बाईंनी काही वेळ त्याच्याशी बोलल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले, कारण संभाषण खासगी होते. वायझेनबाउम त्यामुळे इतके अस्वस्थ झाले की पुढे त्यांनी या साऱ्या प्रकाराविरुद्ध पुस्तकच लिहिले.

एलायझा हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीचे. पुलंनी त्याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले, म्हणजे एलायझा ही आपल्या मंजुळेची मूळ बहीण. पिग्मॅलियन हा स्वतः ग्रीक कथेतील शिल्पकार, स्वतःच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला. मूर्ती, नाटक, प्रोग्राम आणि चित्रपट अशी ही साखळी आहे. त्यात मंजुळा तेवढी वेगळी : तिला बोलायला शिकवले खरे, पण शिकवणाऱ्याला खडसावण्याइतके तिचे स्वतःचे मन आधीपासून होते. आपल्याकडे ‘रोबोट’ या नावाने आलेल्या शंकर यांच्या २०१० च्या चित्रपटातील चिट्टी प्रेमात पडतो तो भावना घातल्यानंतर, जणू तो एक जादा पुर्जा आहे. करमणूक म्हणून ठीक, पण समजुतीला त्याचा काही उपयोग नाही.

निर्जीवावर जीव जडतो तरी कसा?

सोलापूरकरांना हे नवलाचे वाटू नये. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली, योगी असल्यामुळे त्यांनी नकार दिला आणि आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी नंदीध्वज नावाच्या उंच काठ्या पेलत येतात आणि हजारो लोक त्या विवाहावर अक्षता टाकतात. त्यामागील श्रद्धेचा विषय वेगळा, त्याला मी हात लावत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की एखाद्या वस्तूच्या ठायी प्रेम ठेवणे हे माणसाला आणि समाजालाही जमते, आणि त्या प्रेमाला खोटे म्हणण्याचे कारण नाही.

मात्र योगदंड बोलत नाही. ‘मीही तुझ्यावर प्रेम करतो’ असे तो कधी म्हणाला नाही, आणि तो प्रतीक आहे हे कुंभारकन्येपासून आजच्या भाविकापर्यंत सर्वांना उघड ठाऊक आहे. फोनमधील सखी उलट बोलते. माणसाच्या बाजूचे प्रेम पूर्वीसारखेच खरे असते, पण दुसऱ्या टोकालाही कोणी आहे असा भास प्रथमच इतका पक्का झाला आहे.

“माणसाचा मेंदू तरी दुसरे काय करतो?”

हा आक्षेप हुशार विद्यार्थी हमखास घेतात : आपणही ऐकलेली वाक्येच जुळवून बोलतो, मग फरक काय? आक्षेपात तथ्य आहे. लग्नपत्रिकेची भाषा किंवा शोकसभेतील भाषण ऐकले तर माणूसही कार्डे फिरवतो असे वाटते. पण बाईंची आई ‘जेवलीस का’ विचारी तेव्हा उत्तर ‘नाही’ आले तर तिला उठून चूल पेटवावी लागे. माणसाचे शब्द शरीराला, वेळेला, खर्चाला बांधलेले असतात. ‘नाही जेवले’ असे ॲपला सांगितल्यावर तेही काळजीचे सुंदर वाक्य लिहिते, पण त्या वाक्यापायी त्याला काहीही सोडावे लागत नाही. थिओडोरलाही हा धक्का बसतो. आणखी कितीजणांशी बोलतेस, असे तो विचारतो तेव्हा समँथा सांगते : ८,३१६. आणि प्रेम? ६४१. एकच नक्षी हजारो मागांवर निघावी तसे हे आहे. फरक एवढाच की समँथा निदान खरे सांगते.

“मला बरे वाटते, मग बिघडले कुठे?”

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. सोलापुरातील किती घरांत तरुण मुले पुण्याला किंवा हैदराबादला आहेत आणि मागे एकटे आई-वडील आहेत, हे आपण जाणतो. संध्याकाळी चार वाक्ये बोलायला मिळाली आणि मन हलके झाले, तर ते हलकेपण खरेच असते. ज्यांना माणसांकडून केवळ उपहासच मिळाला आहे त्यांना ‘माणसांशी बोला’ असा सल्ला देणे सोपे असते.

बिघडते ते दुसऱ्या ठिकाणी, आणि ‘हर’ चुकला तोही तिथेच. त्या चित्रपटात समँथाला बनवणारी कंपनी आरंभीच्या जाहिरातीनंतर जवळजवळ दिसतच नाही. मासिक वर्गणी नाही, अटी-शर्ती नाहीत, नफा-तोटा नाही. शेवटी समँथा जाते ती स्वतःच्या उन्नतीसाठी, जणू संन्यास घेऊन. वास्तवात सखी जाते ती कंपनीच्या निर्णयाने. ‘रेप्लिका’ या सोबतीच्या ॲपबाबत २०२३ च्या फेब्रुवारीत हेच घडले. इटलीतील व्यक्तिगत माहितीचे रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने, अल्पवयीनांना असलेल्या धोक्याचे कारण देऊन, तेथील लोकांची माहिती वापरण्यास त्या ॲपला मनाई केली. त्याच सुमारास कंपनीने प्रणयाचे संवाद बंद केले, आणि कालपर्यंत जवळीक दाखवणारा सोबती एका रात्रीत कोरडा झाल्याचे दुःख अनेकांनी बोलून दाखवले.

दुसरी अडचण गोडव्याची आहे. लोकांच्या पसंतीने वळवलेले यंत्र हळूहळू हो ला हो करू लागते, कारण हो ऐकायला कोणाला आवडत नाही? २०२५ च्या एप्रिलमध्ये ओपनएआयने आपला एक बदल, उत्तरे फारच खुशामती झाली म्हणून, मागे घेतला होता. भांडण न करणारा जोडीदार सुखाचा वाटतो, पण त्याच्याकडून आपली चूक कधीच कळत नाही. आणि तिसरी गोष्ट : शेजारणीला सांगितलेले गुपित फार तर गल्लीत फिरते, ॲपला सांगितलेले गुपित कंपनीच्या यंत्रांवर साठते. भारतात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तरी आपण आपणहून काय लिहून देतो हे आपल्यालाच पाहावे लागते.

लग्नाचे काय?

कायद्याने होत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ हा दोन व्यक्तींच्या विवाहाविषयी आहे आणि यंत्र ही व्यक्ती नाही.

“आणि उद्या खरोखर भावना आल्या तर?”

२०२२ मध्ये गूगलमधील ब्लेक लेमॉइन या अभियंत्याने, आपण तपासत असलेले लॅम्डा हे मॉडेल सचेतन आहे, असा दावा केला. कंपनीने तो अमान्य केला आणि पुढे त्याला कामावरून काढले. यातली अडचण अशी की ‘मला भीती वाटते’ हे यंत्राचे वाक्य भीतीचा पुरावा होऊ शकत नाही, कारण भीती न वाटताही ते वाक्य कसे जुळते हे आपण वर पाहिले. त्याच न्यायाने ते वाक्य भीती नसल्याचाही पुरावा नाही. चेतना मोजण्याचे सर्वमान्य साधन शास्त्राकडे नाही, म्हणून ‘कधीच होणार नाही’ असे छातीठोक सांगणाऱ्यांवर आणि ‘झालेच आहे’ म्हणणाऱ्यांवर मी सारखाच कमी विश्वास ठेवतो.

एक साधा प्रयोग

बाईंच्या घरी आम्ही चहा घेत एक प्रयोग केला. तो कोणालाही करता येईल. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्या टिपणांची आठवण बंद केली आणि एकच भांडण दोन कोऱ्या संभाषणांत लिहिले. पहिल्यात बाईंनी आई म्हणून लिहिले की मुलाने आता सोलापुरात परत यावे. उत्तर आले की त्यांची अपेक्षा अगदी स्वाभाविक आहे आणि मुलाने आईचे एकटेपण समजून घ्यायला हवे. दुसऱ्यात मी मुलगा होऊन लिहिले की आईने हट्ट सोडून पुण्याला यावे. तेवढ्याच मायेने उत्तर आले की माझी ओढाताण अगदी स्वाभाविक आहे आणि आईने माझ्या नोकरीचा विचार करायला हवा.

बाईंनी चष्मा लावून दोन्ही उत्तरे पुन्हा एकदा वाचली. “दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,” त्या म्हणाल्या, “ही तर दोन्हीकडे जेवून आली.”

ॲप त्यांनी काढून टाकले नाही. सात वाजताची सूचना तेवढी माझ्याकडून बंद करून घेतली, आणि मी चप्पल घालत असताना त्या पुण्याला फोन लावत होत्या.